नाशिक परिसरात ऋतूंची नोंदवही कशी ठेवावी

नाशिकमध्ये वाढलेल्या कोणत्याही ज्येष्ठ व्यक्तीकडे हवामानाचा विषय काढला, तर पूर्वी घरात पंखा लागत नसे, हिवाळ्यात पहाटे पाण्याला हात लावता येत नसे आणि मृगाचा पाऊस मृगातच पडत असे, हे हमखास ऐकायला मिळते. या आठवणी खोट्या नाहीत. परंतु एका कडक हिवाळ्याची आठवण त्याच्या मागेपुढे गेलेल्या अनेक सौम्य हिवाळ्यांना झाकून टाकते, त्यामुळे नेमके काय बदलले, किती बदलले आणि कधीपासून बदलले, या प्रश्नांना केवळ आठवणींतून उत्तर मिळत नाही. देशपातळीवरचे उत्तर उपलब्ध आहे. 1901 ते 2018 या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंश सेल्सिअसने वाढले आणि 1901 पासूनच्या नोंदींत 2024 हे वर्ष देशातील सर्वांत उष्ण ठरले. 2025 मध्ये मोसमी पाऊस केरळात 24 मे रोजी आणि मुंबईत 26 मे रोजी दाखल झाला. मुंबईची सर्वसाधारण तारीख 11 जून आहे. मात्र सातपूरच्या गच्चीवर, दिंडोरीच्या बागेत किंवा सिन्नरच्या विहिरीवर या बदलाचे रूप कोणते आहे, हे सांगणारी नोंद तिथे राहणाऱ्या माणसानेच ठेवावी लागते, आणि ती ठेवणे कोणत्याही चिकाटीच्या माणसाला शक्य आहे.

या जिल्ह्यात अशा स्थानिक नोंदीला विशेष महत्त्व आहे, कारण येथे थोड्या अंतरावर हवामान पालटते. घाटमाथ्यावरील इगतपुरीला वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस होतो, नाशिक शहरात तो 700 मिलिमीटरच्या आसपास असतो आणि पूर्वेकडील सिन्नर, येवला भागांत 500 च्या जवळपास येतो. म्हणजे "नाशिकला पाऊस चांगला झाला" हे वाक्य जिल्ह्याच्या एका टोकाला खरे आणि दुसऱ्या टोकाला निरर्थक असू शकते. म्हणून नोंदवहीच्या पहिल्या पानावर गावाचे किंवा वसाहतीचे नाव, जागेचे वर्णन, उपकरण कोठे व किती उंचीवर ठेवले आहे आणि नोंद किती वाजता घेतली जाते, हे सविस्तर लिहावे. पुढे उपकरणाची जागा बदलली, शेजारी इमारत उभी राहिली किंवा झाड तोडले गेले, तर तेही तारखेसह याच पानावर यावे. दहा वर्षांनी वही वाचणाऱ्याला या पानाचा जितका उपयोग होईल, तितका कदाचित इतर कोणत्याही पानाचा होणार नाही.

पावसाचे मोजमाप

सुरुवात पावसापासून करावी, कारण त्याला खर्च सर्वांत कमी आणि त्यातून मिळणारी माहिती सर्वांत जास्त. बाजारात तयार पर्जन्यमापक मिळतात. ते घ्यायचे नसेल तर पाच लिटरचा कॅन, त्यावर घट्ट बसणारे रुंद तोंडाचे नरसाळे आणि औषधाच्या दुकानात मिळणारे मिलिलिटरच्या खुणांचे मोजपात्र एवढ्यावर काम भागते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर पडलेले एक लिटर पाणी. हाच हिशेब नरसाळ्याच्या तोंडाला लावायचा असतो. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास 15 सेंटिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे 177 चौरस सेंटिमीटर होते. कॅनमध्ये साठलेल्या पाण्याच्या मिलिलिटरला 177 ने भागून 10 ने गुणले की पाऊस मिलिमीटरमध्ये मिळतो. उदाहरणार्थ, 265 मिलिलिटर पाणी भरले तर पाऊस सुमारे 15 मिलिमीटर झाला. लहान बाटली वापरू नये, कारण 100 मिलिमीटर पावसाचे पाणीच पावणेदोन लिटरच्या पुढे जाते आणि ज्या दिवसाची नोंद सर्वांत मोलाची, त्याच दिवशी बाटली भरून वाहते.

उपकरण उघड्यावर ठेवावे. जवळच्या भिंतीची, झाडाची किंवा पाण्याच्या टाकीची उंची नरसाळ्याच्या काठापासून जितकी असेल, त्याच्या निदान दुप्पट अंतर त्या अडथळ्यापासून असावे. जमिनीवर ठेवणार असाल तर नरसाळ्याचा काठ साधारण 30 सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे मातीवरून उडणारे शिंतोडे आत जाणार नाहीत. गच्चीवर वाऱ्यामुळे पाणी थोडे कमी भरते, पण शहरात दुसरी जागा नसते. अशा वेळी गच्चीच्या मध्यभागी एकच जागा पक्की करून ती न बदलणे हा सर्वांत चांगला मार्ग होय. कॅन विटांनी घट्ट धरून ठेवावा आणि नरसाळ्यात पाने अडकली नाहीत ना, हे रोज पाहावे.

नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता घ्यावी. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस याच वेळी संपतो आणि आदल्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर मांडला जातो. आपणही तसेच केले तर आपले आकडे अधिकृत आकड्यांशी ताडून पाहता येतात. पाऊस झाला नाही त्या दिवशी शून्य लिहावे आणि नोंद घेता आली नाही त्या दिवशी "नोंद नाही" असे लिहावे. या दोन गोष्टींत गल्लत झाली की वही निरुपयोगी होते, कारण कोरडा दिवस आणि गावाला गेलेला दिवस पुढे वेगळे ओळखता येत नाहीत. दोन-तीन दिवसांचे पाणी एकत्र साठले असेल तर ते दिवसांत वाटून टाकू नये. एकूण आकडा लिहून तो किती दिवसांचा आहे, ते नमूद करावे. केवळ भुरभुर झाली आणि मोजण्याइतके पाणी भरले नाही, तर "नाममात्र" हा शब्द पुरेसा आहे.

दिवसाच्या आकड्यासोबत पाऊस कसा पडला, हे एका ओळीत लिहिण्याचा माझा विशेष आग्रह आहे. साठ मिलिमीटर पाऊस दिवसभराच्या झडीतून पडला तर तो जमिनीत मुरतो. तोच दोन तासांत कोसळला तर बांध फुटतात, शहरातले रस्ते तुंबतात आणि विहिरीला मात्र फारसे पाणी येत नाही. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, त्यामुळे तापत्या काळात थोड्या वेळात मोठा पाऊस कोसळण्याची शक्यता वाढते. हा बदल चोवीस तासांच्या बेरजेत दिसत नाही. म्हणून मोठी सर आली की ती कधी सुरू झाली आणि कधी थांबली, ते लिहावे आणि जमल्यास ती ओसरताच पाणी मोजून पुन्हा कॅनमध्ये ओतून ठेवावे. वळीव, रिमझिम, झड, गारा, वीज-वाऱ्यासह पाऊस हे शब्द आपल्याकडे आहेतच. ते नेमकेपणाने वापरले तर वेगळ्या परिभाषेची गरज पडत नाही. हवामान विभाग 2.5 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेल्या दिवसाला पावसाचा दिवस मानतो आणि 64.5 मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला जोरदार म्हणतो. महिनाअखेरीस या दोन्ही प्रकारच्या दिवसांची संख्या मोजून ठेवावी. एकूण पाऊस तेवढाच राहिला, पण पावसाचे दिवस घटत गेले, तर ती शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठी बातमी असते.

नक्षत्रे आणि तिथी

घरातील ज्येष्ठांना नोंदीत सहभागी करून घ्यायचे असेल, तर महिन्यांच्या बेरजेबरोबर नक्षत्रांची बेरीजही ठेवावी. मृगापासून स्वातीपर्यंतची पावसाची नक्षत्रे सूर्याच्या स्थितीवरून ठरतात, म्हणून मृग दरवर्षी 7 किंवा 8 जूनलाच लागतो आणि प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवस चालते. नक्षत्रे आणि ऋतू यांच्यात सुमारे सत्तर वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. तेव्हा मृग कोरडा जाऊ लागला असेल, तर त्याचे कारण पंचांगात शोधण्यात अर्थ नाही. "पडतील स्वाती तर पिकतील मोती" ही म्हण आपल्या गावात, आपल्या पिकाला आजही लागू पडते का, हे अशा बेरजेवरून तपासता येते. काढणीला आलेल्या सोयाबीनवर किंवा फुलोऱ्यातल्या द्राक्षावर पडलेला स्वातीचा पाऊस मोती पिकवत नाही, हे या जिल्ह्यात वेगळे सांगायला नको.

तिथींचे मात्र तसे नाही. "कडुनिंब पाडव्याला फुलला" असे लिहिले तर त्यावरून पुढे काहीही ठरवता येत नाही, कारण गुढीपाडवा 2023 मध्ये 22 मार्चला होता आणि 2024 मध्ये 9 एप्रिलला. म्हणून निसर्गाची प्रत्येक नोंद इंग्रजी तारखेने करावी. तिथी हवी तर शेजारी लिहावी.

कमाल आणि किमान तापमान

कमाल-किमान तापमापी साधी पाऱ्याची घ्यावी किंवा आकडे दाखवणारी. कोणतीही असली तरी तिच्यावर थेट ऊन पडता कामा नये, हे पहिले पथ्य आहे. जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटर उंचीवर, चहूबाजूंनी झडपांसारख्या फटी असलेल्या, पांढऱ्या रंगाच्या लाकडी पेटीत ती ठेवावी आणि पेटीचे दार उत्तरेकडे उघडणारे असावे. पेटी सुताराकडून सहज करून घेता येते. पेटी करणे शक्य नसेल, तर उत्तरेकडच्या सावलीतल्या ओट्यावर, भिंतीपासून दूर टांगावी. वातानुकूलन यंत्राची गरम हवा, पत्रा आणि स्वयंपाकघराची खिडकी यांच्यापासून ती लांब असावी. अशा ठिकाणचे आकडे अधिकृत केंद्राशी जुळणार नाहीत, परंतु जागा बदलली नाही तर आपल्याच मागील वर्षांशी त्यांची तुलना करता येते.

आकडे दाखवणारी तापमापी वायरच्या टोकाला संवेदक असलेली असेल, तर वर्षातून एकदा ती तपासावी. बर्फाचा बारीक चुरा आणि थोडे पाणी एकत्र करून ढवळावे, त्यात संवेदक काही मिनिटे धरावा. तापमापीने शून्य दाखवायला हवे. ती अर्धा अंश जास्त दाखवत असेल तर तो फरक पहिल्या पानावर लिहून ठेवावा. उकळत्या पाण्याने तपासणी करू नये, कारण नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी शंभर अंशांवर नव्हे, तर 98 अंशांच्या आसपास उकळते.

किमान तापमान सकाळच्या पावसाच्या नोंदीबरोबर आणि कमाल तापमान सायंकाळी साडेपाचला वाचावे. उन्हाळ्यात सर्वांचे लक्ष कमाल आकड्याकडे असते, पण माझ्या मते शहरात राहणाऱ्याने किमान आकडा अधिक जपून नोंदवावा. दिवसभर तापलेले काँक्रीट आणि डांबर रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात. त्यामुळे शहराची वाढ आणि पृथ्वीची तापमानवाढ या दोहोंचा परिणाम रात्रीच्या आकड्यात एकत्र दिसतो. दोन्ही परिणाम वेगळे ओळखायचे असतील, तर शहरातल्या नोंदीला खेड्यातल्या नोंदीची जोड हवी. निफाडचा पारा हिवाळ्यात शहराच्या बराच खाली उतरलेला असतो, हे आपण कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राच्या आकड्यांवरून दरवर्षी वाचतो. निफाड किंवा पिंपळगाव भागात नातेवाईक असतील, तर त्यांना अशीच वही ठेवायला सांगावे. हंगाम संपला की तीन संख्या काढाव्यात: कमाल तापमान 40 अंश किंवा अधिक असलेले दिवस, किमान तापमान 25 अंशांच्या खाली न उतरलेल्या रात्री आणि पारा 10 अंश किंवा त्याखाली गेलेल्या सकाळी.

झाडे, पक्षी आणि किडे

झाडाच्या नोंदीला उपकरण लागत नाही, परंतु शिस्त अधिक लागते. रोज जाण्यायेण्याच्या वाटेवरची चार-पाच झाडे निवडावीत आणि "पळस फुलले" असे सरसकट न लिहिता त्याच एका पळसाविषयी लिहावे. आपल्या भागात काटेसावर आणि पळस हिवाळा सरता सरता, कडुनिंब मार्च-एप्रिलमध्ये, बहावा आणि ताम्हण एप्रिलपासून, तर गुलमोहर मे महिन्यात बहरतो. आंब्याचा मोहोर डिसेंबर ते फेब्रुवारीदरम्यान येतो. यांपैकी प्रत्येक काळातले एकेक झाड घेतले तर वर्षभर निरीक्षणाला काहीतरी असते. नियमित पाणी दिली जाणारी बागेतली झाडे आणि वीजतारांखाली दरवर्षी छाटली जाणारी झाडे टाळावीत, कारण त्यांची पालवी ऋतूपेक्षा माळ्याच्या किंवा कोयत्याच्या वेळापत्रकाने येते. रस्ता रुंदीकरणात जाऊ शकेल असे झाडही शक्यतो घेऊ नये. ते जाणे दुःखाचे असतेच, शिवाय नोंदही अर्धवट राहते.

आठवड्यातून एक वार ठरवून त्या दिवशी प्रत्येक झाडाकडे पाहावे आणि कोवळी पालवी, जून पाने, कळ्या, उमललेली फुले, कच्ची फळे, पिकलेली फळे यांपैकी प्रत्येक गोष्ट "नाही", "थोडी" की "भरपूर" आहे, एवढेच लिहावे. पहिले फूल उमललेली तारीख आकर्षक वाटते, पण ती एखाद्या चुकार फांदीमुळे फसवी ठरू शकते. झाड भर बहरात आल्याचा आठवडा अधिक विश्वासार्ह असतो. भारतभरातील झाडांच्या अशाच नोंदी गोळा करणारा सीझनवॉच हा उपक्रम आहे. त्यात आपले झाड नोंदवले तर नाशिकच्या बहाव्याची तुलना केरळातल्या बहाव्याशी करता येते.

पक्ष्यांमध्ये दोन-तीनच निवडावेत. चातक मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून येतो, त्यामुळे त्याची पहिली हाक आणि पहिला मोठा पाऊस यांतले अंतर दरवर्षी लिहिण्याजोगे आहे. पावशाची "पेरते व्हा" ही साद आणि पहिल्या पावसानंतर मातीवर फिरणारा मखमली लाल मृगाचा किडा यांच्याही तारखा ठेवाव्यात. हिवाळ्यासाठी नांदूर मध्यमेश्वर आहेच. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेल्या या पाणथळीला 2020 मध्ये रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला आणि तसा दर्जा मिळवणारी ती महाराष्ट्रातील पहिली जागा ठरली. तेथे चापडगावच्या बाजूने महिन्यातून एकदा, शक्यतो त्याच वेळी आणि तेवढाच वेळ फिरून चक्रवाक, तलवार बदक, थापट्या किती दिसले, हे लिहावे. पाहिले आणि दिसले नाही, हेही लिहावे. तारखेसह नोंदवलेला "नाही" नसेल, तर पहिल्या "आहे" ला आधार राहत नाही.

नदी, विहीर आणि बाग

गोदावरीच्या पुराचे मोजमाप नाशिककर पूर्वापार रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून करत आले आहेत: पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले. नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी पोचणे हे त्याहून मोठ्या पुराचे लक्षण मानले जाते. ही खूण आजही उपयोगी आहे. पाणी कुठवर आले, ते वेळेसह लिहावे आणि शेजारी गंगापूर धरणातून त्या वेळी किती क्युसेक विसर्ग सुरू होता, ते वर्तमानपत्रातून उतरवून घ्यावे. ऑगस्ट 2016 आणि ऑगस्ट 2019 च्या पुरांची छायाचित्रे बहुतेक घरांत आहेत. त्यांवरून मागील नोंदीही भरता येतील. नदीला येणारे पाणी मुख्यतः त्र्यंबकेश्वरच्या डोंगरातून उतरते, म्हणून शहरातला पाऊस कमी असूनही पूर आला तर आपल्या पर्जन्यमापकावर शंका घेऊ नये.

विहीर असणाऱ्यांनी वजन बांधलेली, खुणा केलेली दोरी सोडून कठड्यापासून पाण्यापर्यंतची खोली मोजावी. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तेच महिने आपणही धरावेत. मोजण्याआधी निदान रात्रभर पंप बंद असावा.

द्राक्ष बागायतदारांकडे छाटणीची, फवारणीची आणि तोडणीची तारीख लिहिलेली असतेच. त्यात दव पडलेल्या सकाळी, धुके आणि दिवसभर ढगाळ राहिलेले दिवस यांची भर घालावी, कारण डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा प्रादुर्भाव पान किती वेळ ओले राहिले यावर अवलंबून असतो आणि तो वेळ पर्जन्यमापकात येत नाही. फुलोऱ्यात पाऊस झाला की घडकूज होते, मण्यांत गोडी भरल्यावर झाला तर मणी तडकतात, थंडी फार वाढली तर पिंक बेरीची, म्हणजे मणी गुलाबी पडण्याची, तक्रार येते. म्हणून प्रत्येक हवामान घटनेसमोर त्या दिवशी बाग छाटणीपासून कितव्या दिवशी होती, ते लिहावे. नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस झालेल्या गारपिटीसारख्या घटनेत गारांचा आकार, गारा पडण्याचा कालावधी आणि कोणत्या शिवारापर्यंत त्या पडल्या, हे त्याच दिवशी छायाचित्रांसह नोंदवले तर पुढे पंचनाम्याच्या वेळीही ते कामी येते. छाटणीची तारीख बागायतदार स्वतः मागेपुढे करतो, तेव्हा तोडणी लवकर झाली म्हणजे हंगाम सरकला, असा निष्कर्ष काढू नये.

वहीचे वाचन

पहिली चार-पाच वर्षे कोणताही निष्कर्ष काढू नये. हवामानाची सर्वसाधारण मूल्ये तीस वर्षांच्या नोंदींवरून ठरवली जातात. एका घरातल्या वहीला तितकी वर्षे लाभतीलच असे नाही, परंतु दहा वर्षांनंतर कल दिसू लागतो आणि तो जवळच्या अधिकृत केंद्राच्या जुन्या आकड्यांशी ताडता येतो. तुलना करताना तारखांचे वर्षातील दिवसांत रूपांतर करावे. 7 जून हा लीप वर्ष नसताना वर्षाचा 158 वा दिवस असतो. सरासरीपेक्षा मध्यक वापरणे बरे, म्हणजे सर्व वर्षांचे आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा घ्यावा. एका अतिवृष्टीच्या वर्षाने सरासरी फुगते, मध्यक सहसा फुगत नाही. एल निनोच्या वर्षांवर वेगळी खूण करावी, कारण 2015 किंवा 2023 सारख्या वर्षातील पावसाची ओढ हा दीर्घकालीन कल आहे की प्रशांत महासागरातील तात्पुरता चढउतार, हे खुणेवाचून कळत नाही.

नोंद पेन्सिलीने किंवा न फुटणाऱ्या शाईने जाड कागदाच्या वहीत करावी आणि महिन्याच्या शेवटी संगणकातील तक्त्यात उतरवावी. लिहिलेला आकडा खोडू नये. चूक आढळली तर त्यावर एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहावी, म्हणजे मूळ आकडा वाचता येतो. दरवर्षी 31 मे रोजी, पावसाळ्याआधी, वहीच्या पानांची छायाचित्रे काढून एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी आणि गावातल्या शाळेला किंवा वाचनालयाला एक प्रत द्यावी. घरातल्या आणखी एका व्यक्तीला मोजपात्र वाचायला शिकवून ठेवावे, जेणेकरून आपण आजारी पडलो किंवा बाहेरगावी गेलो तरी सकाळी साडेआठची नोंद चुकणार नाही.